पावसाची नोंदच नसेल तर? एसक्यूएलमध्ये पर्यायी आकडा कसा निवडतात

वाशिम जिल्ह्यात पावसाळ्यातली एखादी रात्र मुसळधार कोसळते. सकाळी प्रत्येक महसूल मंडळातला पाऊस किती, याचा तक्ता तयार होतो. बहुतेक मंडळांसमोर आकडा असतो. एखाद्या मंडळासमोर मात्र काहीच नसते. केंद्राची बॅटरी उतरली असेल, मोबाइलचे नेटवर्क गेले असेल किंवा पर्जन्यमापकात पालापाचोळा अडकला असेल. पाऊस पडला, पण त्याची नोंद पोहोचली नाही.

आता त्या रिकाम्या जागी काय लिहायचे? शून्य लिहायचे, शेजारच्या मंडळाचा आकडा घ्यायचा, तालुक्याची सरासरी घ्यायची, की जागा रिकामीच ठेवायची? प्रश्न कारकुनी वाटतो, पण त्याच्या उत्तरावर शेतकऱ्याचा पंचनामा आणि मदतीची यादी अवलंबून असते. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी मानली जाते. त्यामुळे ६८ च्या जागी शून्य लागले, तर त्या मंडळातले सगळेच शेतकरी यादीबाहेर पडू शकतात.

संगणकातल्या माहितीच्या साठ्यांशी, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याची भाषा आहे एसक्यूएल. 'या तक्त्यात नसेल तर त्या तक्त्यात बघ, तिथेही नसेल तर तिसरीकडे बघ' हे या भाषेत कसे सांगतात आणि सांगताना कुठे चुका होतात, हे वाशिमच्या उदाहरणातून समजून घेऊ.

शून्य आणि 'नल' यांत फरक काय?

एसक्यूएलमध्ये माहिती नसलेल्या जागेला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही मोजणी आहे: पर्जन्यमापक पाहिला आणि त्यात पाणी नव्हते. नल म्हणजे मोजणीच हाती आलेली नाही. पेरणीच्या हिशेबात 'उगवले नाही' आणि 'शेतात जाऊन पाहिलेच नाही' यांत जेवढा फरक आहे, तेवढाच इथे आहे.

नलचे वागणेही वेगळे असते. 'पाऊस ६५ पेक्षा जास्त आहे का?' असे विचारले, तर ७२ साठी उत्तर 'होय' येते आणि ४१ साठी 'नाही'. नलसाठी उत्तर येते 'माहीत नाही'. गाळणी लावताना एसक्यूएल फक्त 'होय' उत्तराच्या ओळी ठेवते. त्यामुळे नल असलेले मंडळ '६५ पेक्षा जास्त' यादीत येत नाही आणि '६५ किंवा कमी' यादीतही येत नाही. दोन्ही याद्यांची बेरीज एकूण मंडळांपेक्षा कमी भरते आणि संगणक त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही.

नलची तुलना नलशी केली तरी उत्तर 'माहीत नाही' हेच येते. म्हणून रिकामी जागा शोधताना 'बरोबर नल' असे लिहून चालत नाही. 'इज नल' असेच विचारावे लागते.

पर्यायी आकडा ही पळवाट आहे का?

नाही. आकडा नसेल तर पुढचा आधार कोणता, हे ठरवून ठेवण्याची पद्धत कृषी योजनांमध्ये अधिकृतपणे आहे. संत्रा, डाळिंब, केळी यांसारख्या फळपिकांसाठी हवामानावर आधारित विमा योजना चालते. तिच्यात प्रत्येक विमा घटकासाठी एक संदर्भ हवामान केंद्र ठरलेले असते. ते केंद्र बंद पडले तर कोणत्या पर्यायी केंद्राची नोंद घ्यायची, याचीही तरतूद योजनेच्या रचनेत आहे.

सोयाबीन, तूर यांसारख्या पिकांसाठी २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना लागू आहे. तिथे पीक कापणी प्रयोगांतून मिळणारे उत्पादन महत्त्वाचे असते. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार महसूल मंडळ पातळीवर किमान १०, तालुका पातळीवर १६ आणि जिल्हा पातळीवर २४ प्रयोग अपेक्षित आहेत. मंडळाची आकडेवारी अपुरी असेल, तर शेजारच्या किंवा वरच्या घटकाची आकडेवारी आधाराला घेता येते.

म्हणजे पर्यायांची साखळी नियमातच असते. एसक्यूएलचे काम ती साखळी जशीच्या तशी संगणकाला सांगणे एवढेच आहे.

'कोअलेस' नेमके काय करते?

या कामासाठी एसक्यूएलमध्ये 'कोअलेस' नावाचे फलन आहे. त्याला हवे तेवढे पर्याय क्रमाने द्यायचे. ते डावीकडून पाहत जाते आणि नल नसलेली पहिली किंमत परत देते. सगळेच पर्याय नल असतील, तर उत्तरही नलच येते.

कोअलेस(नल, ६८, ४१) चे उत्तर ६८
कोअलेस(०, ६८, ४१) चे उत्तर ०
कोअलेस(नल, नल, ४१) चे उत्तर ४१
कोअलेस(नल, नल, नल) चे उत्तर नल

दुसरी ओळ लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिला पर्याय शून्य असला, तरी तो खरा आकडा आहे. त्यामुळे कोअलेस तिथेच थांबते. मंडळात पाऊस खरोखरच पडला नसेल, तर शेजारचा पाऊस त्याच्या नावावर चढत नाही.

आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली. त्याच कंपनीतले डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिच्यावर आधारलेली 'सीक्वेल' ही भाषा मांडली. पुढे तिचेच नाव एसक्यूएल झाले. कोअलेस १९९२ च्या प्रमाणित आवृत्तीत आले, त्यामुळे आजच्या जवळपास सर्व प्रमुख डेटाबेसमध्ये ते चालते.

तीन तक्ते कसे जोडायचे?

समजण्यासाठी तीन छोटे तक्ते धरू.

पहिला 'मंडळ': मंडळाचा क्रमांक, नाव, तालुका आणि पर्याय म्हणून ठरवलेल्या शेजारी मंडळाचा क्रमांक.
दुसरा 'केंद्र_पाऊस': मंडळ क्रमांक, दिनांक आणि पाऊस मिलिमीटरमध्ये.
तिसरा 'तालुका_पाऊस': तालुका, दिनांक आणि सरासरी पाऊस.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. त्यांपैकी पाच तालुक्यांतले एकेक मंडळ उदाहरणाला घेऊ. पुढचे पावसाचे आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत.

मंडळ | स्वतःचे केंद्र | शेजारचे केंद्र | तालुका सरासरी
अनसिंग (वाशिम) | ७२ | ५५ | ६०
रिठद (रिसोड) | ० | १२ | ८
मेडशी (मालेगाव) | नल | ६८ | ५२
शेलू बाजार (मंगरूळपीर) | नल | नल | ४१
कामरगाव (कारंजा) | नल | नल | नल

आता संगणकाला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी. खालच्या आज्ञा उच्चारतात तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष संगणकावर त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्या लागतात.

सिलेक्ट म.नाव, कोअलेस(स्व.मिमी, शे.मिमी, ता.मिमी) ॲज पाऊस
फ्रॉम मंडळ ॲज म
लेफ्ट जॉइन केंद्र_पाऊस ॲज स्व
ऑन स्व.क्रमांक = म.क्रमांक अँड स्व.दिनांक = दिलेला_दिनांक
लेफ्ट जॉइन केंद्र_पाऊस ॲज शे
ऑन शे.क्रमांक = म.शेजारी_क्रमांक अँड शे.दिनांक = दिलेला_दिनांक
लेफ्ट जॉइन तालुका_पाऊस ॲज ता
ऑन ता.तालुका = म.तालुका अँड ता.दिनांक = दिलेला_दिनांक

'केंद्र_पाऊस' हा तक्ता दोनदा जोडला आहे. 'स्व' या टोपणनावाने जोडताना मंडळाची स्वतःची नोंद शोधली जाते, तर 'शे' या टोपणनावाने शेजाऱ्याची. तक्ता एकच असला, तरी त्याची भूमिका दोन ठिकाणी वेगळी आहे.

उत्तर असे येते: अनसिंग ७२, रिठद ०, मेडशी ६८, शेलू बाजार ४१, कामरगाव नल.

'लेफ्ट जॉइन'च का?

तक्ते जोडण्याचा साधा प्रकार म्हणजे 'इनर जॉइन'. दोन्ही तक्त्यांत जुळणारी ओळ असेल तरच तो ती ठेवतो. इथे इनर जॉइन वापरला, तर ज्या मंडळाची त्या दिवसाची नोंद आलीच नाही, ते मंडळ उत्तरातून गायब होते. पर्यायी आकड्याची गरज नेमकी त्याच मंडळाला असते.

'लेफ्ट जॉइन' डावीकडच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ राखतो. उजवीकडे जुळणारी नोंद नसेल, तर तिथे नल भरतो. त्याच नलच्या जागी कोअलेस पुढचा पर्याय बसवते. म्हणून या पद्धतीचा पाया आहे मंडळांची पूर्ण यादी. ती डावीकडे ठेवायची आणि बाकीचे तक्ते तिला जोडायचे.

इथे एक चूक फार जणांकडून होते. तारखेची अट 'ऑन'मध्ये न लिहिता शेवटी 'व्हेअर'मध्ये लिहिली जाते: व्हेअर स्व.दिनांक = दिलेला_दिनांक. वाचायला ते ठीक वाटते. पण मेडशीची स्वतःची नोंद नसल्यामुळे तिथे स्व.दिनांक नल असतो. नलची तुलना 'माहीत नाही' असे उत्तर देते आणि 'व्हेअर' ती ओळ काढून टाकते. लेफ्ट जॉइन लिहूनही परिणाम इनर जॉइनचाच होतो. पर्यायी तक्त्यांच्या अटी 'ऑन'मध्येच ठेवल्या, तर हा घोटाळा टळतो.

शेवटी शून्य टाकून मोकळे का होऊ नये?

कामरगावची जागा अजून नल आहे. तक्ता भरलेला दिसावा म्हणून अनेक जण कोअलेसमध्ये शेवटचा पर्याय शून्य देतात: कोअलेस(स्व.मिमी, शे.मिमी, ता.मिमी, ०). दुकानाच्या हिशेबात हे चालू शकते. ग्राहकाला सवलत दिल्याची नोंद नसेल, तर सवलत शून्य धरणे योग्य असते, कारण तिथे नोंद नसणे म्हणजेच सवलत नसणे. पावसाचे तसे नाही.

हे शून्य दोन्ही बाजूंनी घात करते. अतिवृष्टीच्या दिवशी ते शेतकऱ्याच्या विरोधात जाते, कारण न मोजलेला पाऊस 'पडलाच नाही' असा नोंदला जातो. पावसाच्या खंडात उलट होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या मोठ्या भागात पावसाने ओढ दिली. सलग २१ दिवस खंड पडलेली मंडळे कोणती, हा तेव्हा सगळीकडे चर्चेचा विषय होता. अशा मोजणीत बंद पडलेल्या केंद्राचे दिवस शून्य धरले, तर खरा पाऊस पडूनही खंड लांबलेला दिसतो. मग विमा कंपनी त्या आकड्यावर आक्षेप घेऊ शकते. खऱ्या नोंदींवरचा विश्वासही त्यामुळे कमी होतो.

सरासरीही बदलते. एसक्यूएलमध्ये सरासरी काढताना नल मोजले जात नाहीत. वरच्या उत्तरातल्या चार आकड्यांची बेरीज १८१ आहे, त्यामुळे सरासरी ४५.२५ मिलिमीटर येते. कामरगावला शून्य दिले तर तीच बेरीज ५ ने भागली जाते आणि सरासरी ३६.२ होते. पाऊस तितकाच आहे, पण पाटीवरचा आकडा ९ मिलिमीटरने उतरला. ही सरासरी पुढे कुणासाठी पर्याय म्हणून वापरली, तर खोटे शून्य एका तक्त्यातून दुसऱ्यात शिरते.

आकडा माहीत नसेल तर नल तसाच ठेवणे आणि ती जागा माणसाने तपासण्यासाठी वेगळी काढणे हेच बरोबर आहे.

आकडा कुठून आला, हे कसे कळणार?

उत्तरात मेडशीसमोर ६८ दिसते आणि अनसिंगसमोर ७२. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. पण ७२ त्या मंडळात मोजलेला आहे आणि ६८ शेजाऱ्याकडून उसना घेतलेला. सहा महिन्यांनी मेडशीतल्या शेतकऱ्याने 'आमच्या मंडळाचा पाऊस कोणत्या केंद्रावरून धरला?' असे विचारले, तर उत्तर देता आले पाहिजे. म्हणून आकड्याशेजारी त्याचा स्रोत लिहिणारा रकाना हवा. त्यासाठी 'केस' ही रचना वापरतात.

केस
व्हेन स्व.मिमी इज नॉट नल देन 'स्वतःचे केंद्र'
व्हेन शे.मिमी इज नॉट नल देन 'शेजारचे केंद्र'
व्हेन ता.मिमी इज नॉट नल देन 'तालुका सरासरी'
एल्स 'नोंद नाही'
एन्ड ॲज स्रोत

'केस'मधला क्रम आणि 'कोअलेस'मधला क्रम अगदी एकच असला पाहिजे. एकात बदल करून दुसरा तसाच ठेवला, तर आकडा एका ठिकाणचा आणि पाटी दुसऱ्या ठिकाणची असे होते.

या रकान्याचा आणखी एक उपयोग आहे. महिन्याच्या शेवटी स्रोतानुसार मोजणी केली, की कोणते मंडळ किती दिवस उसन्या आकड्यावर चालले ते लगेच दिसते. जे मंडळ वारंवार 'शेजारचे केंद्र' दाखवते, तिथे क्वेरीपेक्षा केंद्राची दुरुस्ती आधी करायला हवी.

नल दिसत नाही, पण आकडाही खरा नाही

कोअलेस फक्त नल ओळखते. पण नोंद नसल्याचे प्रत्येक यंत्र नलनेच सांगते असे नाही. हवामानाच्या अनेक संचांत नोंद नसेल तर −९९९ किंवा −९९.९ असा अशक्य आकडा भरतात. कोअलेसच्या दृष्टीने तो व्यवस्थित आकडा आहे, म्हणून ते तिथेच थांबते. मंडळात उणे ९९९ मिलिमीटर पाऊस पडल्याचे दिसते आणि महिन्याची बेरीज कोसळते.

यावर उपाय 'नलइफ' हे फलन. नलइफ(स्व.मिमी, −९९९) याचा अर्थ, किंमत −९९९ असेल तर तिला नल कर, नाहीतर आहे तशी दे. त्याला कोअलेसच्या आत ठेवायचे: कोअलेस(नलइफ(स्व.मिमी, −९९९), नलइफ(शे.मिमी, −९९९), ता.मिमी).

अक्षरी माहितीत हाच त्रास रिकाम्या मजकुराचा असतो. गावाच्या नावाच्या रकान्यात काहीच टाइप न करता ओळ जतन केली, तर बहुतेक डेटाबेसमध्ये तिथे नल नसून शून्य अक्षरांचा मजकूर असतो. ओरॅकल मात्र अशा मजकुराला नलच मानतो. एका डेटाबेसवर नीट चालणारी क्वेरी दुसऱ्यावर फसते, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

एकाच मंडळाच्या दोन ओळी आल्या तर?

नेटवर्क परत आले की काही वेळा केंद्र तीच नोंद पुन्हा पाठवते. मग 'केंद्र_पाऊस'मध्ये अनसिंगच्या एकाच दिवसाच्या दोन ओळी होतात. जोडणी केल्यावर उत्तरातही अनसिंग दोनदा येते आणि बेरीज केली तर ७२ चे १४४ होतात. शेजारी एकाऐवजी तीन ठरवले असतील, तरी ओळी अशाच वाढतात. ज्या मंडळाची स्वतःची नोंद आहे त्याच्याही तीन ओळी होतात.

पहिला बंदोबस्त तक्ता बनवतानाच करायचा. मंडळ क्रमांक आणि दिनांक यांची जोडी एकदाच येऊ शकेल, अशी अट डेटाबेसवर घालता येते. मग दुसरी ओळ आतच येत नाही.

शेजारी अनेक असतील तर मांडणी बदलावी लागते. सगळे संभाव्य आकडे एकाखाली एक रचायचे आणि प्रत्येकाला पसंतीचा क्रम द्यायचा: स्वतःचे केंद्र १, पहिला शेजारी २, दुसरा शेजारी ३, तालुका ४. तक्ते असे एकाखाली एक रचण्याची आज्ञा आहे 'युनियन ऑल'. त्यातून नल ओळी काढायच्या, 'रो नंबर' या फलनाने प्रत्येक मंडळात क्रमवारी लावायची आणि पहिली ओळ ठेवायची. पर्याय कितीही वाढले तरी क्वेरी तशीच राहते. फक्त एक काळजी घ्यायची. ज्या मंडळाकडे एकही आकडा नाही, ते या रचनेत सुटून जाते. म्हणून शेवटी मंडळांच्या पूर्ण यादीला हे उत्तर पुन्हा लेफ्ट जॉइनने जोडावे.

दोन आकडे एकाच मापाचे आहेत का?

क्वेरी निर्दोष असूनही उत्तर चुकू शकते. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजला जातो. स्वयंचलित केंद्र मात्र दिवसभर थोड्या थोड्या वेळाने नोंद करते. त्याच्या नोंदींची बेरीज मध्यरात्री ते मध्यरात्री अशीही करता येते. रात्री दोन वाजता कोसळलेला पाऊस एका हिशेबात आदल्या दिवसाचा ठरतो आणि दुसऱ्यात आजचा. अशा दोन स्रोतांना कोअलेसने एकमेकांचा पर्याय केले, तर तोच पाऊस दोन दिवसांत मोजला जाऊ शकतो किंवा दोन्ही दिवसांतून निसटू शकतो. पर्याय लावण्याआधी दोन्ही स्रोतांचा दिवस एकच करून घ्यावा लागतो.

तापमानासारख्या जोडीच्या आकड्यांत वेगळा धोका असतो. कमाल तापमानासाठी एक कोअलेस आणि किमान तापमानासाठी दुसरे लिहिले, की कमाल स्वतःच्या केंद्राचे आणि किमान शेजारच्या केंद्राचे असे मिश्रण होऊ शकते. तसा दिवस प्रत्यक्षात कोणत्याच गावात उगवलेला नसतो. अशा वेळी आधी एक स्रोत निवडावा आणि सगळे आकडे त्याच स्रोतातून घ्यावेत.

पर्याय बदलला तर पैसे किती बदलतात?

पीक विम्यात हंगामाच्या शेवटी भरपाईचे सूत्र साधे आहे. उंबरठा उत्पादनातून प्रत्यक्ष उत्पादन वजा करायचे, येणाऱ्या तुटीला उंबरठा उत्पादनाने भागायचे आणि विमा संरक्षित रकमेने गुणायचे. उंबरठा उत्पादन मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांच्या सरासरीवरून, ठरलेल्या जोखीम स्तरानुसार काढतात.

समजा, मोठ्या मंडळाचे विभाजन होऊन एक नवे मंडळ तयार झाले. त्याला स्वतःचा ७ वर्षांचा इतिहास नाही. पर्याय दोन दिसतात. मूळ मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल आहे आणि तालुक्याचे १२ क्विंटल. नव्या मंडळात यंदा ८ क्विंटल सोयाबीन झाले आणि विमा संरक्षित रक्कम उदाहरणादाखल हेक्टरी ५०,००० रुपये धरली.

मूळ मंडळाचा आकडा घेतला तर तूट २० टक्के आणि भरपाई १०,००० रुपये. तालुक्याचा आकडा घेतला तर तूट ३३.३३ टक्के आणि भरपाई सुमारे १६,६६७ रुपये. शेत तेच, पीक तेच. कोअलेसच्या कंसातल्या दोन नावांची अदलाबदल झाली आणि हेक्टरी साडेसहा हजारांहून जास्त फरक पडला.

म्हणून हा क्रम प्रोग्रामरने आपल्या सोयीने ठरवायचा नसतो. तो शासन निर्णयात, अधिसूचनेत किंवा योजनेच्या सूचनांत असतो आणि तिथूनच क्वेरीत यायला हवा. २०२५ च्या खरिपापासून राज्याने पीक विम्यात पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पादनावर भर दिला आहे. त्यामुळे कोणत्या मंडळाचा, कोणत्या पातळीचा आकडा धरला, हा प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला आहे.

जिल्ह्यांची पुनर्रचनाही याच प्रकारात येते. १९९८ पूर्वीची वाशिम भागाची जिल्हा पातळीवरची आकडेवारी अकोला जिल्ह्यात मोडते. जुन्या वर्षांसाठी 'वाशिम' शोधले तर नल मिळेल. तिथे अकोल्याचा जिल्हा आकडा पर्याय म्हणून घेतला, तर तो मोठ्या प्रदेशाचा आकडा आहे हे स्रोताच्या रकान्यात लिहिलेच पाहिजे.

वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये काय वापरतात?

कोअलेस पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल आणि एसक्यूलाइट या सर्वांत चालते. शिवाय मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये 'इफनल', एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'इजनल' आणि ओरॅकलमध्ये 'एनव्हीएल' ही फलने आहेत. पण ती दोनच पर्याय घेतात. एसक्यूएल सर्व्हरचे 'इजनल' पहिल्या रकान्याचा प्रकार धरून चालते. पहिला रकाना ५ अक्षरांचा आणि पर्यायी नाव १२ अक्षरांचे असेल, तर नाव मध्येच कापले जाऊ शकते. पर्याय दोनापेक्षा जास्त असतील किंवा क्वेरी पुढे दुसऱ्या डेटाबेसवर न्यायची असेल, तर कोअलेसच सोयीचे.

उत्तर हाती आल्यावर काय तपासायचे?

पहिली तपासणी ओळींची. मंडळांची यादी जेवढी, उत्तरातल्या ओळीही तेवढ्याच हव्यात. कमी असतील तर जोडणीत मंडळ गळाले आहे, जास्त असतील तर कुठेतरी दुहेरी नोंद आहे.

दुसरी तपासणी याद्यांची. '६५ पेक्षा जास्त', '६५ किंवा कमी' आणि 'नोंद नाही' या तिन्ही याद्यांची बेरीज एकूण मंडळांएवढी भरली पाहिजे. वरच्या उदाहरणात पहिल्या यादीत अनसिंग आणि मेडशी, दुसरीत रिठद आणि शेलू बाजार, तिसरीत कामरगाव. एकूण पाच, हिशेब जुळतो.

तिसरी तपासणी उसन्या आकड्यांची. मेडशीचा ६८ हा आकडा ६५ च्या अगदी जवळ आहे आणि तो शेजाऱ्याचा आहे. अशा सीमेवरच्या ओळी वेगळ्या काढून त्या मंडळात प्रत्यक्ष चौकशी करणे शहाणपणाचे. नाल्याला पूर आला होता का, शेतात पाणी साचले होते का, हे गावात विचारले की कळते.

आणि कामरगावची ओळ? तिच्यासमोर 'नोंद नाही' असेच लिहिलेले राहू द्यायचे. ती जागा रिकामी दिसली, तरच कुणीतरी तिथे जाऊन पाहील.